नळाच्या जागी जानकीबाई

जानकीबाईंचा पुतळा उभा राहिला, तर लवू धुरीच्या पदरात काय काय पडणार होतं, हे त्याने कागदावर कधी मांडलं नव्हतं, कारण ते त्याला तोंडपाठ होतं. पहिलं, पंच्याऐंशीच्या पालिका निवडणुकीचं तिकीट. दुसरं, तिकिटामागून नगरसेवकपद आणि त्यामागून एक जीप. स्वतःची नसली तरी पुढच्या सीटवर बसायला मिळणारी. तिसरं, बायको सुगंधाचं तोंड काही काळ बंद. या तिसऱ्या कलमाची त्याला स्वतःलाच खात्री नव्हती, पण जमेला धरून ठेवायला काय जातं. खर्चाच्या बाजूला मात्र त्याने काही धरलंच नव्हतं. पुतळा जानकीबाईंचा, वर्गणी लोकांची, जागा महापालिकेची. आपलं जाणार काय, तर चपला.

ब्याऐंशीच्या संपात गिरणी गेली तेव्हा लवू मागावर होता. संपाने बाकीच्यांचं काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. लवूला संपाने भाषण करायला शिकवलं. गेटसभेत तो दोनदा बोलला, दोन्हीदा टाळ्या पडल्या, आणि तिसऱ्यांदा बोलावं तर गेटच राहिलं नाही. तेव्हापासून ते न झालेलं तिसरं भाषण पोटात घेऊन तो भांडुपच्या खाणीच्या टेकडीवर हिंडत होता. रेशनकार्डं काढून दे, मयताला लाकडं मिळवून दे, असं करत पक्षाच्या लोकांत त्याची ऊठबस झाली. पण नुसत्या लाकडांवर तिकीट मिळत नाही. काहीतरी उभं करून दाखवावं लागतं.

जानकीबाई कोण, हे टेकडीवर नव्याने राहायला आलेल्यालाच सांगावं लागायचं. टेकडीच्या पायथ्याशी खोतांची वाडी, वाडीत विहीर, आणि विहिरीवर अस्पृश्यांना बंदी. महाडच्या तळ्याला चार-पाच वर्षं झाली तरी इथे पोहरा सवर्णांचाच होता. खाणीत दगड फोडणाऱ्या जानकीबाई एका सकाळी बरोबरच्या बायका घेऊन विहिरीवर गेल्या. वाडीतून दगड आले. एक बाईंच्या तोंडावर बसला आणि पुढचा दात पडला. बाईंनी रक्त थुंकलं, पोहरा वर ओढला, घागर भरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. मग पोलीस आले, कोर्ट झालं, आणि शेवटी विहीर सगळ्यांची झाली. पुढे विहीर बुजली, तिथे नाका झाला, आणि पालिकेने बरोबर त्याच जागेवर एक सार्वजनिक नळ बसवला.

त्या नळाला पाणी पहाटे यायचं आणि उजाडायच्या आत जायचं. म्हणून नंबर आदल्या रात्रीच लागायचे. माणसं उभी राहायची नाहीत, वस्तू उभ्या राहायच्या. कान तुटलेली बादली, डालड्याचा डबा, वीट, कौल, पाट्याचा तुकडा. ज्याची वीट त्याचा नंबर. टेकडीवर दोरीवरची चादर जायची, कोंबडी जायची, एकदा तर कुणाचं दारच गेलं होतं. पण रांगेतल्या विटेला कुणी हात लावल्याचं ऐकिवात नाही. ती सरकवायची ती पुढेच, आणि पायाने नाही, वाकून हाताने.

पुतळा समितीचे अध्यक्ष झाले नंदकिशोर खोत. हो, तेच खोत. ज्यांच्या आजोबांच्या वाडीतून दगड आले होते. लवूनेच त्यांना गळ घातली. त्यांचं नाव वर असलं की वर्गणी वाढते आणि मंत्र्यांच्या बंगल्यावर त्यांची गाडी थेट आत जाते. चिटणीस झाले मधुकर टिपणीस. हे खालच्या सोसायटीत राहायचे, विमा कंपनीत हेडक्लार्क होते, आणि आपल्याइतकं शुद्ध मराठी स्टेशनच्या या बाजूला कुणी लिहीत नाही अशी त्यांची समजूत होती. कार्याध्यक्ष लवू. समितीत जो धावतो त्याला कार्याध्यक्ष म्हणतात.

जानकीबाईंची नात शेवंती टेकडीवरच राहायची. पालिकेच्या प्रसूतिगृहात ती आया होती. तिला सभेला बोलावलं होतं, समितीत घेतलं नव्हतं. घरचीच माणसं समितीत असली की बरं दिसत नाही, असं टिपणिसांचं म्हणणं पडलं.

सभा खोतांच्या दिवाणखान्यात. टिपणिसांनी चौथऱ्यावर कोरायचा मजकूर वाचून दाखवला. "काही बांधवांच्या गैरसमजातून उद्भवलेल्या प्रसंगाला जानकीबाईंनी हसतमुखाने तोंड दिले."

"तोंड दिलं हे खरं आहे," शेवंती म्हणाली. "तोंडावरच बसला दगड. तो कुठे आला नाही यात."

"दगड हा शब्द शिलालेखात बरा दिसत नाही, बाई," टिपणीस म्हणाले.

"आणि बांधव कोण?"

खोतांनी चहाचा कप उचलून एक घोट घेतला. "ते जाऊ दे. चेहऱ्याचं काय? फोटोबिटो आहे का तुझ्याकडे?"

"आजीचा फोटो कोण काढणार, साहेब? उंच होती. काळी. घण मारून मारून दंड असे, पुरुषासारखे. लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं. आणि हा पुढचा दात नव्हता."

"दात असू द्या की," टिपणीस म्हणाले. "लहान मुलं बघणार."

"समिती एवढा खर्च करतेच आहे," खोत म्हणाले, "त्यात एक दात आला."

सगळे हसले. लवूही हसला, अध्यक्ष बोलले की हसायचं, हे कार्याध्यक्षाच्या कामातच येतं. मग जागेचा विषय निघाला आणि खोत जरा पुढे सरकून बसले.

"जागा ऐतिहासिकच पाहिजे. जिथे विहीर होती, तिथेच."

"तिथे नळ आहे," शेवंती म्हणाली.

"नळ हलवता येतो गं. इतिहास हलवता येतो का?"

"कुठे हलवणार?"

"तात्पुरता आमच्या कंपाउंडात घेऊ. पाइपलाइन भिंतीला लागूनच जाते. अनावरण झालं की पुन्हा पुतळ्याशेजारी. काय लवू?"

लवू काही इतका भोळा नव्हता. पन्नास वर्षांपूर्वी जे पाणी या घराच्या वाडीतून बाहेर निघालं, ते पुन्हा याच घराच्या भिंतीआड चाललंय, हे त्याला दिसलं. इतकंच की त्याच क्षणी त्याला जीपही दिसली.

"लवूभाऊ, तुम्ही बोला," शेवंती म्हणाली.

"तात्पुरतंच आहे, शेवंतीताई. माझा शब्द."

"किती दिवस?"

"मंत्र्यांची तारीख मिळाली की लगेच."

शेवंतीने शब्द ऐकून घेतला. "आता झालंच, आता झालंच" म्हणत बायकांना रात्र रात्र थोपवून धरण्यात तिच्या नोकरीची वर्षं गेली होती. असल्या शब्दाचं वजन तिला वेगळं सांगायला नको होतं.

मूर्तिकार होता साकीनाक्याचा नंदू. दोन्ही बाजूंना लेथ मशिनांचे गाळे आणि मध्ये त्याची शेड. गणपतीच्या मोसमात तो गणपती करायचा आणि उरलेलं वर्ष थोर माणसं. लवूने समितीची रक्कम सांगितली तसा नंदू शेडच्या मागच्या भागात गेला आणि एका मूर्तीवरचं गोणपाट काढून म्हणाला, "ह्या पैशात नवीन नाही होणार, भाऊ. पण धड तयार आहे. फायबरचं, आतून सळया, एकदम मजबूत. डोकं तेवढं बदलू."

बाई उभी होती. अंगावर नऊवारी, पदर डोक्यावरून, हात गोलसर, आणि हातात कलंडलेला कलश. लवूने चेहरा नीट पाहिला.

"ह्या बाईला मी कुठेतरी बघितलंय, यार."

"बघितलं असणार. गिरणीमालकाची आई." नंदूने गिरणीचं नाव सांगितलं.

ती लवूचीच गिरणी. टाइम ऑफिसात घड्याळाच्या वर या बाईचा हार घातलेला फोटो होता, आणि दर दिवाळीला तिच्या नावाचा एकेक पेढा मिळायचा. शेटने आईचा पुतळा बंगल्याच्या बागेतल्या कारंज्यासाठी सांगितला होता. मग संप झाला. गिरणी बंद, कारंजं बंद, आई साकीनाक्याला.

"संपात आम्ही हिच्या लेकाच्या नावाने बोंबा मारल्या," लवू म्हणाला. "आता हिचा जयजयकार करायचा होय?"

"हिचा कशाला? डोकं बदलतोय ना मी. जयजयकार डोक्याचा असतो, भाऊ. धडाला कोण विचारतं." नंदूने कलशाला टिचकी मारली. "फक्त एक आहे. कारंज्यासाठी केलेली, म्हणून आतून पाइप आहे. पायातून वर, हातातून कलशात. काढायला गेलो तर हात तुटेल. राहू दे?"

राहू दे काय म्हणतो. लवूला उभ्या उभ्या सगळा समारंभ दिसला. मंत्र्यांनी दोरी ओढली, पडदा खाली आला, आणि जानकीबाईंच्या घागरीतून पाणी पडायला लागलं. पेपरात फोटो येणार. फोटोत मंत्र्यांच्या शेजारी कोण उभं असेल, हे कॅमेरावाल्याला आधीच सांगून ठेवता येईल. त्याने नंदूला तिथल्या तिथे निम्मे पैसे मोजून दिले, उरलेले अनावरणानंतर.

नावांच्या संगमरवराचा प्रश्न राहिला होता. वर्गणी लोकांची आहे, तिच्यातून आपली नावं कोरणं शोभत नाही, असं खोत म्हणाले, आणि ते इतक्या साधेपणाने म्हणाले की सगळ्यांना भरून आलं. मग लवूने गिरणीतून सुटलेल्या फंडातले पैसे काढले आणि फरशी स्वतः करून आणली. वर मंत्र्यांचं नाव, मग खोतांचं, आणि खाली, पण त्याच मापाच्या अक्षरांत, कार्याध्यक्ष श्री. लवू धुरी. हे सुगंधाला सांगायची गरज त्याला वाटली नाही.

नवरात्रात नळ हलला आणि त्या जागी चौथऱ्यावर जानकीबाई येऊन उभ्या राहिल्या, ताडपत्रीत बांधलेल्या. दिवाळीच्या आसपास मंत्री येणार होते. पण ऑक्टोबर संपता संपता पंतप्रधानांची हत्या झाली आणि देशावर दुखवटा आला. तो उतरतो तोवर लोकसभेच्या निवडणुका, त्या उरकतात तोवर विधानसभेच्या. ताडपत्री फाटली, दुसरी बांधली. जाणारे-येणारे विचारायचे, आत कोण आहे? नवीन माणसं सवयीने नमस्कार करून पुढे जायची.

तिकडे कंपाउंडात नळाला पाणी पहाटेच यायचं, पण गेट उघडायचं खोतांचा वॉचमन उठून, दात घासून, बिडी ओढून झाल्यावर. रात्री विटा-डबे ठेवायला मनाई; साहेबांना सकाळी गॅलरीतून ते दृश्य बघवत नाही. म्हणजे नंबर गेले. गेट उघडलं की जी पुढे घुसेल तिचं पाणी. वर्षानुवर्षं एकमेकींची वीट सांभाळणाऱ्या बायका आता एकमेकींच्या झिंज्या धरू लागल्या. पालिकेने नळाबरोबर काय काय हलवलं, ते पालिकेच्या कुठल्या फायलीत सापडायचं नाही.

"तुमी बाईचो पुतळो उभो करतास ता बरा करतास," सुगंधा म्हणाली. फुटलेला हंडा तिने लवूच्या पुढ्यात ठेवला. "पण पाणी खयसून भरूचा?"

"तात्पुरता असा गो. तिकीट गावला की घराघरात नळ."

"म्हणजे आधी तुमचा तिकीट, मगे आमचा पाणी."

"तसा नाय."

"मगे कसा?"

लवू चपला घालून बाहेर पडला.

पालिकेची तिकिटं वाटायची वेळ आली तशी मंत्र्यांना जानकीबाई आठवल्या. रविवार संध्याकाळचा वेळ मिळाला. मंत्र्यांच्या माणसाने लवूला बाजूला घेऊन खांद्यावर हात ठेवला. "साहेब त्या दिवशी स्वतः बघणार आहेत, धुरी. गर्दी कशी, बायका किती, शिस्त कशी. वॉर्डाचं तिथेच ठरेल, असं समज." लवूला दोन दिवस जेवण गेलं नाही.

अडचण एकच. संध्याकाळी टेकडीला पाणी कुठलं? टँकर मागवावा तर खोत म्हणाले, टँकरचा खर्च वर्गणीत बसायचा नाही. मग पुतळ्यामागे, पक्षाच्या बॅनरच्या आड, परांचीवर लोखंडी पिंप चढवून त्याची रबरी नळी जानकीबाईंच्या पायाला जोडली, आणि लवू घरोघर हिंडला. घरटी एक हंडा, जानकीबाईंसाठी. बायका आपल्या मोरीतल्या पाण्याकडे बघायच्या, मग लवूकडे बघायच्या. पण शेवंतीने आधी स्वतःचा हंडा आणून पिंपात ओतला आणि बाकीच्यांनाही उठवलं. कार्याध्यक्षाच्या घरचा एकच कसा, म्हणून सुगंधाला दोन द्यावे लागले.

"एवढ्या पटकन तयार झालात, शेवंतीताई," लवू म्हणाला.

"आजीचं काम आहे, लवूभाऊ. मागे कसं राहणार? आणखी काही करायचं असलं तर सांगा."

"बायकांनी मंत्र्यांच्या स्वागताला डोक्यावर कलश घेऊन यायचं. नवी लुगडी, नव्या साड्या. झकास दिसेल."

"कलश कुणाकडे आहेत? हंडे चालतील?"

"चालतील. वर नारळ ठेवा म्हणजे झालं."

"भरलेले की रिकामे?"

"रिकामे आणा हो. कोण वाकून बघतंय आत?"

हे वाक्य लवूला पुढे फार दिवस आठवत राहिलं.

मंत्री दीड तास उशिरा आले. तेवढ्या वेळात टिपणिसांनी धूळ बसावी म्हणून पिंपातलंच पाणी घेऊन रस्त्यावर शिंपडून घेतलं, आणि खोतांच्या ड्रायव्हरने हात धुता धुता गाडीही धुतली. मंचावर मंत्र्यांच्या उजवीकडे खोत, डावीकडे टिपणीस. लवूची खुर्ची अगदी कडेला, एक पाय मंचाच्या बाहेर. समोर हंडे घेतलेल्या बायका. दृश्य खरंच झकास होतं. सुगंधा पदाधिकाऱ्यांच्या बायकांसाठी मांडलेल्या पहिल्या रांगेतल्या खुर्चीत, हंडे मांडीवर घेऊन अवघडून बसली होती.

मंत्र्यांनी दोरी ओढली. ताडपत्री सळसळत खाली आली.

ब्राँझचा रंग दिलेल्या जानकीबाई प्रसन्न हसत होत्या. दात सगळे जागेवर. नाकात नथ, दंड मऊ, पदर डोक्यावरून. खाण म्हणजे काय, हे त्यांनी गाडीच्या काचेतूनसुद्धा पाहिलं नसावं. डोकं नवं होतं, तरी लवूला टाइम ऑफिसातला पेढा आठवला.

"ही कोण गं?" खाणीत काम केलेली एक म्हातारी डोळ्यांवर हात धरून म्हणाली.

"आजी असेल," शेवंती म्हणाली. "घागर बघ ना हातात."

लवूने पिंपाचा कॉक उघडायची खूण केली. क्षणभर काही झालं नाही, मग घागर खोकली, आणि पाणी पडायला लागलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. फोटो निघाला. मंत्री माइकसमोर उभे राहिले. फोटोसाठी तो पुतळ्याला अगदी खेटून लावला होता.

"पाणी हा माणसाचा हक्क आहे," मंत्री म्हणाले.

हक्क म्हटल्याबरोबर शेवंतीने डोक्यावरचा हंडा उतरवला. वरचा नारळ काढून जानकीबाईंच्या पायाशी ठेवला आणि हंडा धारेखाली लावला. तिच्या मागे म्हातारीने आपला हंडा टेकवला, तिच्या मागे तिसरीने, आणि बघता बघता हंड्यांची रांग मंचासमोरून नाक्याच्या वळणापर्यंत गेली. कुणी बोललं नाही, कुणी ढकललं नाही. नळ इथे असताना जो नंबर होता तोच क्रम, महिने लोटले तरी एकीलाही तो विचारावा लागला नाही. रिकाम्या पितळी हंड्यात पडणारं पाणी माइकमधून साऱ्या टेकडीला ऐकू गेलं, आणि मंत्री काय बोलतायत ते कुणालाच ऐकू येईना.

मंत्री थांबले. त्यांनी लवूला बोटाने जवळ बोलावलं. "हे कार्यक्रमात आहे?"

लवूच्या डोक्यात सगळे आकडे एकदम उभे राहिले. नाही म्हणावं, तर बायका आवरता न येणारा माणूस. हो म्हणावं, तर पुढे काय होईल देव जाणे.

"आहे, साहेब. प्रात्यक्षिक."

"कसलं?"

"हक्काचं."

मंत्र्यांनी एकदा त्याच्याकडे आणि एकदा रांगेकडे पाहिलं. रांगेत मतं किती, हे त्यांना मोजावं लागत नसे, नुसतं दिसे. ते माइककडे वळले. "हे पाणी आज येऊन उद्या बंद होणार नाही. वॉर्डाचे इंजिनिअर कुठे आहेत?" मागच्या रांगेत वेफर्स खाणारा एक माणूस पुडी लपवत उठला. "उद्या सकाळी इथे कनेक्शन. नळाचं पाणी इथूनच, बाईंच्या हातून मिळालं पाहिजे."

आता बायकांनी टाळ्या वाजवल्या, हंडे भरता भरता. खोतांचं हसू जागेवर होतं, पण त्याला आतून कुठेतरी टेकू दिलेला असावा. लवूला वाटलं, झालं. जीप नाक्यावर येऊन उभी आहे, बसायचं तेवढं बाकी.

मंत्री खुशीत होते. ते शेवंतीकडे वळून म्हणाले, "आणि बाई, आजपर्यंत नळ कुठे होता तुमचा?"

शेवंतीने भरलेला हंडा कमरेवर घेतला. "खोतसाहेबांच्या भिंतीआड, साहेब. लवूभाऊंनी शब्द दिला होता, तात्पुरता म्हणून. ते शब्दाचे पक्के आहेत. तारीख तुमची यायची होती."

तिचं हे बोलणंही माइकने टेकडीभर पोचवलं. आधी मागची पोरं हसली, मग बायका, मग सगळेच. मंत्र्यांनी खोतांकडे पाहिलं. खोतांनी लवूकडे पाहिलं. लवूला बघायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून त्याने जानकीबाईंकडे पाहिलं. त्या प्रसन्न हसत होत्या.

रांग बरीचशी निघाली. ज्यांनी हंडाभर दिलं होतं, त्या हंडाभर घेऊन घरी गेल्या. सुगंधा खुर्चीत बसलेली म्हणून तिचा नंबर शेवटी लागला. ती धारेखाली पोचली तेव्हा घागर पुन्हा एकदा खोकली, पाच-सहा थेंब पडले आणि थांबली. बाकीचं टिपणिसांच्या रस्त्यावर आणि खोतांच्या गाडीवर गेलं होतं.

दोन्ही हंडे रिकामेच काखेत मारून ती लवूच्या समोरून गेली. "भात उद्या," एवढंच म्हणाली.

आठवड्याने तिकिटं जाहीर झाली. खाणीच्या टेकडीवरून नंदकिशोर खोत. लवूला मंत्र्यांच्या माणसाने पुन्हा बाजूला घेतलं, पुन्हा खांद्यावर हात ठेवला. "तुझ्यासारखी माणसं संघटनेत हवीत, धुरी." खोतांचे बोर्ड लागले: स्वतःच्या आवारातला नळ जनतेला अर्पण करणारे दानशूर. खाली मजकूर टिपणिसांचा. जे पाणी पालिकेचं, पाइप पालिकेचा, तो नळ खोतांनी अर्पण केला. आणि टेकडीने मतं दिली, कारण दुसरा उमेदवार तर नाक्यावर कधी फिरकलाच नव्हता.

इंजिनिअरने मात्र कनेक्शन दिलं. माइकवर बोललेलं होतं, टाळणार कसं. आता पहाटे जानकीबाईंच्या घागरीतून पाणी पडतं आणि रात्री त्यांच्या पायाशी विटा, डबे, कौलं नंबर धरून बसलेली असतात.

निवडून आल्यावर खोतांनी चौथऱ्यावर नवी फरशी बसवली. तीत मंत्री आहेत, खोत आहेत. जुनी काढून गटाराच्या कडेला टाकली. त्यानंतर थोड्याच दिवसांत जानकीबाईंचा पुढचा दात कुणीतरी पाडला. अगदी तेवढाच, शेजारच्या दाताला ओरखडासुद्धा नाही. खोतांनी चौकीवर तक्रार दिली. हवालदाराने टेकडीवर चौकशी केली; कुणी काही पाहिलं नव्हतं. शेवंतीच्या घरी आजीची छिन्नी-हातोडी अजून आहे, पण ती तर सगळ्यांना माहीत होती, मग हवालदाराला वेगळं कोण सांगणार. दात गेल्यावर खाणीतली ती म्हातारी पुतळ्यासमोर थांबली, डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि म्हणाली, "आता ओळख पटली हो."

लवूच्या घराचा नंबर लावायला आता तो स्वतः जातो. सुगंधाने साफ सांगितलं. पहिल्या रात्री त्याच्याकडे ना वीट होती ना डबा. गटाराच्या कडेची फरशी त्याने उचलली, धुतली आणि रांगेच्या शेवटी ठेवली. अक्षरं वर. कार्याध्यक्ष श्री. लवू धुरी. रांग सरकली की शेवंती वाकून दोन्ही हातांनी ती पुढे सरकवते. एकदा म्हणाली, "लवूभाऊ, पक्का नंबर केलात. असा दगड कुणाचा नाही टेकडीवर."

तर हिशेब असा लागला. मंत्र्यांनी दोरीला एक ओढ दिली आणि वॉर्ड घेतला. खोतांनी लोकांचा नळ लोकांना दिला आणि लोकांची मतं घेतली. टेकडीने हंडा दिला, हंडा घेतला, वर पहाटेचं पाणी सुटलं. नंदूचे निम्मे पैसे अजून येणं आहेत; तो खोतांकडे गेला की खोत म्हणतात, कार्याध्यक्षांना विचार. गिरणीमालकाच्या आईने धड दिलं, तिला विचारलं कुणी नाही. जानकीबाईंचा दात दोनदा गेला. सुगंधाचे दोन हंडे कुणीच परत केले नाहीत. आणि फरशीचे पैसे तेवढे रोख चुकते झालेत, लवूच्या फंडातून. चपला वेगळ्या.